हिशेबाच्या प्रोग्रॅममधील चूक कशी पकडावी? डिबगरची मांडणी समजून घेऊ या

आपल्या समाजातील लहानमोठ्या व्यापाऱ्यांच्या पेढीवर आता कॉम्प्युटर आला आहे. यंत्रमागाचा कारखाना असो, बेकरी असो, शिलाईचे काम असो की अत्तराचे दुकान, बिल, उधारी, माल आणि मजुरीचा हिशेब त्यावरच होतो. पुष्कळ ठिकाणी हा हिशेबाचा प्रोग्रॅम घरातल्याच एखाद्या शिकलेल्या मुलाने किंवा भाच्या-पुतण्याने लिहिलेला असतो. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु प्रोग्रॅम चुकला तर काय करावे, याची माहिती फार थोड्यांना असते. मग एक तर सारे खापर कॉम्प्युटरवर फुटते, नाही तर बिचाऱ्या मुनीमावर. म्हणून या आठवड्यात आम्ही हाच विषय घेतला आहे.

मुनीमावर आलेला संशय

आमच्या परिचयातील मालेगावच्या एका यंत्रमागधारकाची ही हकिकत आहे. शुक्रवारची सुट्टी म्हणून त्यांच्याकडे मजुरीचे वाटप गुरुवारी होते. एका गुरुवारी एक जुना विणकर त्यांच्यापुढे येऊन म्हणाला, "सेठ, दर वाढवून दिला असे तुम्ही सांगितले, पण हातात तर तेवढेच पडते."

हिशेब साधा होता. त्या आठवड्यात त्याने एका जातीचे कापड ९०० मीटर आणि दुसऱ्या जातीचे ६०० मीटर विणले होते. नवे दर मीटरमागे ३ रुपये २० पैसे आणि २ रुपये ८० पैसे. म्हणजे २,८८० आणि १,६८० मिळून ४,५६० रुपये व्हायला हवे होते. त्याला मिळाले ४,२६०. तीनशे रुपये कमी.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या भाच्याला बोलावले. त्याने घरी आपल्या लॅपटॉपवर तेच आकडे घालून पाहिले आणि म्हणाला, "मामू, माझ्याकडे तर बरोबर ४,५६० येतात." झाले! कॉम्प्युटर बरोबर असेल तर तीनशे रुपये गेले कुठे? मुनीमजींनी छापील चिठ्ठी दाखवली, तिच्यावर ४,२६० च होते. पण चिठ्ठीवर फक्त एकूण रक्कम छापली जात असे, मीटर आणि दर नव्हे. तेव्हा मीटर कमी टंकले असतील, अशी कुजबुज सुरू झाली. वीस वर्षे ज्या माणसाने पेढीची अमानत सांभाळली, त्याच्याकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले.

खरी चूक कोठे होती ते पुढे सांगू. ती सापडली डिबगरमुळे, आणि तोही नीट मांडल्यामुळे. त्यासाठी आधी डिबगर म्हणजे काय ते पाहू.

डिबगर म्हणजे काय?

प्रोग्रॅममधील चुकीला इंग्रजीत बग म्हणजे किडा म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू या यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला. तेथील लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला, आणि ते पान आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. बग हा शब्द मात्र त्याहून जुना आहे. एडिसनसुद्धा यंत्रातील बिघाडाला हाच शब्द वापरीत असे. किडा काढण्याच्या कामाला डिबगिंग आणि त्यासाठीच्या साधनाला डिबगर म्हणतात.

आमच्या विणकर बांधवांना हे चटकन समजेल. मागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. विणकर जवळ जातो, धागा पाहतो, जोडतो आणि माग पुन्हा सुरू करतो. माग थांबलाच नाही तर दोष कापडातच विणला जातो आणि ठाण निघाल्यावर कळतो. प्रोग्रॅमचेही तसेच आहे. तो एका क्षणात शेकडो ओळी पार करून शेवटचा आकडा देतो, मधे काय झाले ते दिसत नाही. डिबगर त्याला हव्या त्या ओळीवर थांबवतो आणि त्या घडीला दर किती, मीटर किती, बेरीज किती हे उघडून दाखवतो. ज्या ओळीवर थांबवायचे तिला ब्रेकपॉइंट म्हणतात.

एडिटर कोणता?

प्रोग्रॅम लिहिण्यासाठी अनेक एडिटर मिळतात. आपल्या मुलांमध्ये सर्वांत जास्त चालतो तो मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कोड. तो एप्रिल २०१५ मध्ये जाहीर झाला आणि एप्रिल २०१६ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. तो विनामूल्य आहे आणि विंडोज, लिनक्स व मॅक तिन्हींवर चालतो. चोरीची प्रत वापरण्याचे काही कारणच उरत नाही, हेही आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

पायथन भाषेत काम करणाऱ्याने त्यात पायथनची आणि पायथन डिबगरची जोडणी म्हणजे एक्स्टेन्शन बसवून घ्यावे. डाव्या बाजूच्या पट्टीत त्रिकोण आणि किडा असे चित्र दिसते, ते 'रन अँड डिबग'चे बटण होय. कंट्रोल, शिफ्ट आणि डी ही तीन बटणे एकत्र दाबूनही तेथे जाता येते.

मांडणीची फाइल

साधा एका फाइलीचा प्रोग्रॅम असेल तर एफ ५ दाबताच डिबगर सुरू होतो. पण पेढीचा प्रोग्रॅम इतका साधा नसतो. त्याला कोणत्या आठवड्याचा हिशेब करायचा ते सांगावे लागते. दराची यादी कोठे आहे ते त्याला कळावे लागते. प्रत्येक वेळी हे तोंडी सांगण्याऐवजी ते एकदा लिहून ठेवणे, यालाच डिबगरचे कॉन्फिगरेशन म्हणजे मांडणी म्हणतात.

रन अँड डिबगमध्ये 'क्रिएट अ लाँच डॉट जेसन फाइल' अशी ओळ दिसते. तिच्यावर क्लिक करून पायथन डिबगर निवडला की एडिटर तुमच्या कामाच्या फोल्डरात 'डॉट व्हीएसकोड' नावाचे लहान फोल्डर करतो आणि त्यात 'लाँच डॉट जेसन' ही फाइल ठेवतो. त्या फाइलीत 'कॉन्फिगरेशन्स' नावाची यादी असते. एक मांडणी म्हणजे त्या यादीतील एक नोंद. हव्या तितक्या नोंदी करता येतात.

येथे आम्ही नावे नागरी लिपीत देत आहोत. पडद्यावर ती रोमन लिपीतच लिहावी लागतात. पहिली काही अक्षरे टंकताच एडिटर स्वतःच पूर्ण नाव सुचवतो, तेच घ्यावे. मुख्य नोंदी अशा :

नेम : मांडणीचे नाव. 'आठवड्याची मजुरी', 'जकातीचा हिशेब' असे ओळखू येणारे नाव द्यावे. वरच्या खिडकीत हेच नाव निवडून एफ ५ दाबायचे असते.

टाइप : कोणता डिबगर वापरायचा. पायथनसाठी 'डिबगपाय', जावास्क्रिप्टच्या नोडसाठी 'नोड'. जुन्या पुस्तकांत पायथनसाठी टाइप 'पायथन' असे दिलेले आढळते, ते आता मागे पडले आहे.

रिक्वेस्ट : येथे दोनच पर्याय आहेत. 'लाँच' म्हणजे डिबगरनेच प्रोग्रॅम सुरू करावा. 'अटॅच' म्हणजे आधीच चालू असलेल्या प्रोग्रॅमला डिबगर जाऊन जोडावा. नवशिक्याने लाँचपासून सुरुवात करावी.

प्रोग्रॅम : कोणती फाइल चालवायची तिचा पत्ता. उघडलेल्या फोल्डरासाठी डॉलरचे चिन्ह आणि महिरपी कंसात 'वर्कस्पेसफोल्डर' असे लिहितात. त्यामुळे फोल्डर दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेले तरी पत्ता चुकत नाही.

आर्ग्ज : प्रोग्रॅमला सुरुवातीला द्यायची माहिती, उदाहरणार्थ आठवड्याची तारीख. चौकोनी कंसात, प्रत्येक गोष्ट वेगळ्या अवतरणचिन्हात लिहावी.

सीडब्ल्यूडी : करंट वर्किंग डिरेक्टरी, म्हणजे प्रोग्रॅम कोणत्या फोल्डरात 'उभा राहून' काम करतो ते. ही नोंद लक्षात ठेवावी. आमच्या हकिकतीतला चोर येथेच लपला होता.

याशिवाय 'स्टॉपऑनएन्ट्री' ही नोंद ट्रू केली की प्रोग्रॅम पहिल्याच ओळीवर थांबतो. 'जस्टमायकोड' ही नोंद मुळात ट्रू असते. तिच्यामुळे डिबगर फक्त तुम्ही लिहिलेल्या ओळींत फिरतो, दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार भागांत शिरत नाही.

चूक अशी सापडली

भाचा हुशार होता, पण तो आपल्या लॅपटॉपवर फक्त आतले 'मजुरी' हे फोल्डर उघडून काम करीत असे. त्यामुळे त्याचा प्रोग्रॅम मजुरी या फोल्डरात उभा राहून चालत असे, आणि नव्या दरांची यादीही त्याच फोल्डरात होती. हिशेब बरोबर येणारच.

आमच्या एका जाणकार मित्राने त्याला विचारले, "बेटा, तू तुझ्या घरी बरोबर आहेस. पेढीवर प्रोग्रॅम कसा सुरू होतो, ते पाहिलेस का?" तेव्हा दोघे पेढीवर गेले. मुनीमजी पडद्यावरच्या एका चित्रावर क्लिक करून प्रोग्रॅम सुरू करीत. त्या शॉर्टकटच्या माहितीत 'स्टार्ट इन' असा एक रकाना असतो. त्यात बाहेरचे मोठे 'हिशेब' हे फोल्डर लिहिलेले होते, आतले 'मजुरी' नव्हे.

भाच्याने ते मोठे फोल्डर जसेच्या तसे लॅपटॉपवर आणले आणि नवी मांडणी लिहिली. प्रोग्रॅमचा पत्ता आतल्या मजुरी फोल्डरातील फाइलीचा, पण सीडब्ल्यूडी बाहेरच्या हिशेब फोल्डराची, अगदी पेढीवर असते तशी. आर्ग्जमध्ये त्याच आठवड्याची तारीख. मग दर वाचण्याच्या ओळीजवळ डाव्या कडेला क्लिक करून लाल ठिपका म्हणजे ब्रेकपॉइंट लावला आणि एफ ५ दाबले.

प्रोग्रॅम त्या ओळीवर थांबला. एफ १० दाबून एक ओळ पुढे नेला. डाव्या बाजूच्या 'व्हेरिएबल्स'च्या चौकटीत दर दिसला : ३ रुपये. नवा दर ३ रुपये २० पैसे असताना! पुढच्या जातीसाठी २ रुपये ६० पैसे. म्हणजे ९०० मीटरचे २,७०० आणि ६०० मीटरचे १,५६०, एकूण ४,२६०. मुनीमजींच्या चिठ्ठीवरचा आकडा तंतोतंत हाच होता.

कारण असे की, सुरुवातीला प्रोग्रॅम बाहेरच्या फोल्डरात होता. पुढे भाच्याने तो आत हलवला, पण दरांची जुनी यादी बाहेर तशीच राहिली. दोन्ही याद्यांचे नाव एकच. प्रोग्रॅममध्ये यादीचे फक्त नाव लिहिले होते, पूर्ण पत्ता नव्हता. अशा वेळी प्रोग्रॅम जेथे उभा असेल तेथेच यादी शोधतो. पेढीवर तो बाहेर उभा होता, त्याला जुनी यादी मिळाली, आणि तो कोणतीही तक्रार न करता जुन्या दराने मजुरी काढत राहिला.

मुनीमजी निर्दोष होते. भाच्याचे बोलणेही खोटे नव्हते. चूक दोघांच्या मधल्या जागेत होती.

दुरुस्ती

पहिली गोष्ट, जुनी यादी काढून टाकली. दुसरी, प्रोग्रॅमला असे शिकवले की दरांची यादी तू जेथे उभा आहेस तेथे शोधू नकोस, तुझी स्वतःची फाइल जेथे ठेवली आहे तेथे शोध. त्यामुळे कोठूनही सुरू केला तरी यादी एकच मिळते. तिसरी, मजुरीच्या चिठ्ठीवर आता मीटर, दर आणि दर लागू झाल्याची तारीख छापली जाते. विणकर स्वतः गुणाकार करून पाहू शकतो.

चौथी गोष्ट कॉम्प्युटरची नव्हती. दर वाढून सहा आठवडे झाले होते. कारखानदाराने सहाही आठवड्यांचा फरक काढून प्रत्येक विणकराला दिला. दोघे काम सोडून भिवंडीला गेले होते, त्यांचा हक त्यांना तेथे पोहोचवला. आणि ज्या मजुरांसमोर कुजबुज झाली होती, त्यांच्याच समोर मुनीमजींची माफी मागितली.

रोजच्या वापराची बटणे

एफ ९ : ज्या ओळीवर कर्सर आहे तेथे ब्रेकपॉइंट लावणे किंवा काढणे.
एफ ५ : सुरू करणे, आणि थांबल्यानंतर पुढच्या ब्रेकपॉइंटपर्यंत जाऊ देणे.
एफ १० : एक ओळ पुढे जाणे.
एफ ११ : त्या ओळीने बोलावलेल्या कामाच्या आत शिरणे. शिफ्ट आणि एफ ११ एकत्र दाबले की बाहेर येता येते.
शिफ्ट आणि एफ ५ : डिबगर बंद करणे.

काही लॅपटॉपवर यांच्याबरोबर एफएन हे बटणही दाबावे लागते.

कारखान्यात पन्नास विणकर असतील आणि घोळ एकाच्याच हिशेबात असेल, तर पन्नास वेळा थांबण्याची गरज नाही. ब्रेकपॉइंटवर उजवे क्लिक करून अट घालता येते की विणकराचा क्रमांक ११ असेल तेव्हाच थांब. यास कंडिशनल ब्रेकपॉइंट म्हणतात. थांबायचे नसून फक्त आकडा पाहायचा असेल तर लॉगपॉइंट लावावा. तो प्रोग्रॅमला न थांबवता आकडा खालच्या चौकटीत लिहून दाखवतो.

नेहमी अडणाऱ्या जागा

लाल ठिपका राखाडी आणि पोकळ दिसत असेल तर डिबगरला ती ओळ सापडलेली नाही असे समजावे. बहुधा आपण एक फाइल पाहत असतो आणि चालते दुसरीच. प्रोग्रॅम या नोंदीतील पत्ता तपासावा.

लाँच डॉट जेसनमध्ये एक कॉमा सुटला किंवा अवतरणचिन्ह अर्धे राहिले तरी मांडणी चालत नाही. एडिटर अशा जागेखाली लाल नागमोडी रेघ काढतो, तिकडे लक्ष द्यावे. विंडोजच्या पत्त्यात उलटी तिरपी रेघ असते, ती येथे दोनदा लिहावी लागते. त्याऐवजी सरळ तिरपी रेघ लिहिली तरी चालते.

अटॅच वापरताना प्रोग्रॅम एका ठराविक पोर्टवर डिबगरची वाट पाहतो. पायथनच्या उदाहरणांत हा पोर्ट बहुधा ५६७८ असतो, नोडचा ९२२९. तो फक्त आपल्याच कॉम्प्युटरपुरता, म्हणजे १२७.०.०.१ या पत्त्यावर ठेवावा. सर्व नेटवर्कसाठी उघडला तर जो जोडेल त्याला आपल्या प्रोग्रॅममध्ये हवे ते करता येते. ही दुकानाची किल्ली दारातच टांगून ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

पासवर्ड या फाइलीत कधीही लिहू नये, कारण ती प्रोग्रॅमबरोबर दुसऱ्यांच्या हाती जाते. ते वेगळ्या फाइलीत ठेवून 'एन्व्हफाइल' या नोंदीने तिचा पत्ता द्यावा, आणि ती फाइल कोणाला देऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे, डिबगर प्रोग्रॅमचे नाटक करीत नाही, तो प्रोग्रॅम खरोखर चालवतो. उधारीच्या खात्यात जमा करण्याची ओळ आली तर जमा होईल, गिऱ्हाइकाला संदेश पाठवण्याची ओळ आली तर संदेश जाईल. म्हणून तपासणी नेहमी खातेवहीच्या नकलेवर करावी, मूळ वहीवर नव्हे.

शेवटी

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या आमच्या तरुणांना एकच सांगणे आहे. "माझ्याकडे तर बरोबर येते" हे उत्तर पुरेसे नाही. ज्याच्याकडे चुकते, त्याची जागा, त्याचे फोल्डर, त्याची तारीख आपल्या मांडणीत आणा आणि मग पाहा. दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहिल्याशिवाय त्याची तक्रार खरी की खोटी हे ठरवता येत नाही. कॉम्प्युटरबाबत हे जितके खरे आहे, तितकेच माणसांबाबतही.

आणि व्यापारी बांधवांना हे की, मजुरी पूर्ण आणि वेळेवर देण्याबद्दल प्रेषितांची (स.) ताकीद आपणा सर्वांना ठाऊक आहे. माप-तोलात कसूर करू नये हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आता पुष्कळ ठिकाणी तराजूची जागा प्रोग्रॅमने घेतली आहे. तराजूचा काटा आपण वेळोवेळी तपासतो, वजनांवर शिक्का मारून घेतो. तसाच हा काटाही तपासला पाहिजे. न कळत झालेली चूक माफ होऊ शकेल, परंतु कळल्यावर ती शोधण्याचा आळस केला तर जबाब आपल्यालाच द्यावा लागेल. आणि शोध पूर्ण होईपर्यंत कोणा गरिबावर बदगुमानी करू नये.

या गुरुवारी मजुरी वाटण्यापूर्वी एका विणकराचा, एका कारागिराचा हिशेब कागदावर हाताने करून पाहा. कॉम्प्युटरशी जुळला तर अल्लाहचे आभार माना. जुळला नाही तर डिबगर हाताशी आहेच. चूक सापडेल, इन्शाअल्लाह.